लिस्बनमध्ये राहून गोवा लिहिणारा लेखक : ओर्लांदो द कोस्ता

१/ अर्नाळ्यासमोरील बेटावरचा जलदुर्ग मराठ्यांनी १७३७ मध्ये पोर्तुगिजांकडून घेतला. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली आणि उत्तर कोकणातील पोर्तुगीज सत्तेचा कणा मोडला. गोव्यात मात्र तीच सत्ता त्यानंतर २२२ वर्षे टिकली. तिच्या अखेरच्या काळाचे चित्र एका गोमंतकीय लेखकाने लिस्बनमध्ये राहून, राज्यकर्त्यांच्याच भाषेत रेखाटले. हा थ्रेड त्यांच्याविषयी.

२/ ओर्लांदो द कोस्ता यांचा जन्म १९२९ चा, मोझांबिकमधील, म्हणजे पोर्तुगालच्याच दुसऱ्या एका वसाहतीतला. घराणे मडगावचे, बालपण गोव्यात गेले. १८ जून १९४६ रोजी याच मडगावात राममनोहर लोहियांनी नागरी स्वातंत्र्यासाठी हाक दिली. पुढच्या वर्षी, वयाच्या अठराव्या वर्षी, ओर्लांदो शिक्षणासाठी लिस्बनला गेले आणि तेथेच स्थायिक झाले.

३/ पोर्तुगालवर तेव्हा सालाझारची हुकूमशाही होती. वसाहतींतून आलेल्या विद्यार्थ्यांसाठी राजवटीच्या आश्रयाने १९४४ मध्ये एक विद्यार्थी-सदन उभे राहिले होते. साम्राज्यनिष्ठा वाढावी हा हेतू, घडले उलटेच. अँगोलाचे अगोस्तिन्यो नेतो आणि गिनी-बिसाऊचे आमिल्कार काब्राल हे भावी स्वातंत्र्यनेते याच वर्तुळात वावरले. ओर्लांदोही त्यातलेच.

४/ १९५० ते १९५३ या काळात गुप्त पोलिसांनी त्यांना तीनदा अटक केली. १९५४ मध्ये ते बंदी असलेल्या कम्युनिस्ट पक्षात गेले. उपजीविकेसाठी जाहिरात क्षेत्रात काम आणि सोबत लेखन, असा क्रम पुढे चालू राहिला. आरंभीची पुस्तके कवितांची होती.

५/ १९६१ मध्ये त्यांची पहिली कादंबरी आली. शीर्षकाचा अर्थ 'क्रोधाचे चिन्ह'. काळ दुसऱ्या महायुद्धाचा, स्थळ गोवा. नायकत्व भातशेतीत राबणाऱ्या कुणब्यांकडे. लिस्बनच्या विज्ञान अकादमीने तिला रिकार्दो माल्येइरोश पुरस्कार दिला, तर सेन्सॉरने तिच्यावर बंदी घातली. एकाच देशात सन्मानही आणि मनाईही!

६/ बंदी का? गोवा ही वसाहत नसून पोर्तुगालचाच एक प्रांत आहे, असे सालाझार जगाला सांगत होता. त्या 'प्रांता'तील भूक आणि अपमान पोर्तुगीज वाचकाला त्याच्याच भाषेत वाचायला मिळणे राजवटीला परवडणारे नव्हते.

७/ १९७१ मध्ये त्यांचे नाटक प्रसिद्ध झाले : 'फुलांविना, पुष्पचक्रांविना' अशा अर्थाच्या शीर्षकाचे. डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय सैन्य गोव्यात येत असताना एका गोमंतकीय ख्रिस्ती घरात काय घडते, हा त्याचा विषय. रणांगण दूर ठेवून सत्तांतर घराच्या आतून पाहणारे हे नाटक आहे.

८/ इतिहासाच्या विद्यार्थ्याने येथे थांबावे. कादंबरीतील कुणब्यांच्या मानेवर दोन जोखडे आहेत : एक परकीय राजवटीचे, दुसरे स्थानिक भाटकाराचे, म्हणजे जमीनदाराचे. पहिले १९ डिसेंबर १९६१ रोजी उतरले. दुसऱ्यासाठी १९६४ चा कूळ कायदा आणि १९७५ चा मुंडकार कायदा यावा लागला. मुंडकार म्हणजे भाटकाराच्या जमिनीवर घर करून राहणारा. त्याला घरातून हुसकावले जाण्यापासून संरक्षण देणे हा या कायद्याचा हेतू.

९/ २००० साली 'मानू मिरांदाची अखेरची नजर' अशा अर्थाच्या नावाची कादंबरी आली. या वेळी त्यांनी गोव्यातील उच्चवर्णीय ख्रिस्ती कुटुंबांकडे, म्हणजे आपल्याच वर्गाकडे, दृष्टी वळवली. २००६ मध्ये लिस्बनला त्यांचे निधन झाले. त्यांचे पुत्र आंतोनियो कोस्ता २०१५ मध्ये पोर्तुगालचे पंतप्रधान झाले. घरी त्यांना कोकणीत 'बाबुश' म्हणत.

१०/ किल्ल्याच्या शिलालेखात जेत्याचे नाव असते. किल्ला कोणी घेतला, हे तो सांगतो. त्यानंतर शेतात राबणाऱ्याच्या ताटात काय पडले, हे सांगत नाही. तो प्रश्न ओर्लांदोंनी गोव्यापुरता विचारला. आपल्या वसईच्या इतिहासालाही तो विचारून पाहावा.