सूक्ष्मलहरी गतिसंवेदकाची वंशावळ : क्रांती चौकातून एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

महाविद्यालयीन प्रकल्प-प्रदर्शनांत आणि हौशी इलेक्ट्रॉनिकीत सध्या आगपेटीहून लहान अशी एक पट्टी वारंवार दिसते. तिचे नाव आरसीडब्ल्यूएल-०५१६. माणूस जवळ आला की ती दिवा लावते. तिच्यासोबत सादर होणाऱ्या अहवालांतील ‘इतिहास’ हे प्रकरण मात्र बहुधा दोन ओळींचे असते : १८४२ मध्ये डॉप्लर यांनी परिणाम मांडला, १८९५ मध्ये जगदीशचंद्र बोस यांनी कोलकात्यात प्रयोग केला. प्रस्तुत लेखात या दोन ओळींमधून निसटलेल्या वंशावळीचा शोध घेण्याचा प्रयत्न केला आहे.

बोस यांचे श्रेय निर्विवाद आहे. पाच मिलिमीटर इतक्या आखूड लहरी त्यांनी निर्माण केल्या, भिंतीपलीकडे पाठवून घंटा वाजवली. गॅलिना स्फटिकाच्या संवेदकाचे अमेरिकी पेटंट त्यांना १९०४ मध्ये मिळाले. परंतु त्यांनी गती मोजली नाही. अभिमानापोटी त्यांना गतिसंवेदकाचे जनक ठरवणे हा त्यांच्या खऱ्या कार्यावरच अन्याय होय.

या पट्टीचा जवळचा पूर्वज युद्धभूमीवर सापडतो. लक्ष्याजवळ पोहोचताच तोफगोळा फोडणाऱ्या प्रॉक्सिमिटी फ्यूजची कल्पना ब्रिटनमध्ये ब्यूटमेंट व त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडली. १९४० मध्ये टिझार्ड शिष्टमंडळाने ती अमेरिकेस नेली आणि जानेवारी १९४३ मध्ये प्रशांत महासागरातील युद्धात ती वापरात आली. त्या फ्यूजच्या लहरी सूक्ष्मलहरी नव्हत्या, त्याहून पुष्कळ लांब होत्या; हे येथे नमूद करणे आवश्यक आहे. साम्य रचनेत आहे. लहर सोडणारा दोलकच परावर्तित लहर स्वतःत मिसळून घेतो आणि दोन वारंवारतांमधील फरक बाहेर काढतो. आजच्या पट्टीत हेच दुहेरी काम एकच ट्रान्झिस्टर करतो. दिवाणखान्यातला दिवा लावणारी युक्ती तोफगोळ्यातून आली, ही गोष्ट विद्यार्थ्यास सांगितलीच पाहिजे.

उपकरणाच्या मर्यादाही या रचनेतूनच उमगतात. पट्टीची वारंवारता सुमारे ३.१८ गिगाहर्ट्झ आहे. सेकंदाला एक मीटर वेगाने समोरून येणाऱ्या व्यक्तीमुळे सुमारे २१ हर्ट्झचा फरक पडतो, तर तासाला ३६ किलोमीटर वेगाने येणाऱ्या वाहनामुळे सुमारे २१२ हर्ट्झचा. १०.५२५ गिगाहर्ट्झच्या एचबी-१०० मध्ये हेच आकडे ७० आणि ७०२ होतात. १८५७ च्या उठावातील सैनिकांच्या स्मृतीशी जोडलेल्या आपल्या क्रांती चौकात, जालना रस्त्याच्या रहदारीकडे तोंड करून असा संवेदक ठेवल्यास तो काय मोजेल? केवळ दिशारेषेतील वेग. संवेदकासमोरून आडवा जाणारा पादचारी अगदी समोर असतो त्या क्षणी हा वेग जवळजवळ शून्य होतो. शिवाय प्लॅस्टिकचे आवरण व पातळ भिंत लहरींना अडवत नाही. शेजारच्या खोलीतील माणसामुळे दिवा लागला, तर तो बिघाड नव्हे. (याच गुणामुळे तो कोठे बसवावा, हा नैतिक प्रश्नही उद्भवतो, आमच्या मूल्यमापन-पत्रिकेत त्याला एकही गुण नाही.) मराठवाड्याच्या उन्हाळ्यात तरीही तो उपयुक्त ठरतो. तापमान चाळीस अंशांकडे गेले की शरीर व परिसर यांतील उष्णतेचा फरक घटतो आणि अवरक्त संवेदक मंदावतो. सूक्ष्मलहरींना या फरकाची गरज नसते.

महाराष्ट्रात या विद्येची संस्थात्मक परंपरा आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील विशेष सूक्ष्मलहरी उत्पादन विभागातून १९८४ मध्ये मुंबईत ‘समीर’ ही संस्था उभी राहिली. तिरुपतीजवळील गदंकीच्या वातावरण-रडारची उभारणी तिने केली. तेथे परावर्तन होते हवेतील चढउतारांचे, तत्त्व मात्र तेच.

आपल्या शहराने हे तत्त्व अधिक कठीण प्रसंगी पाहिले. २०१५ च्या दुष्काळात कृत्रिम पावसाच्या प्रयोगासाठी विभागीय आयुक्त कार्यालयाच्या इमारतीवर सी-बँड डॉप्लर रडार बसवण्यात आले; २०१९ मध्ये प्रयोग पुन्हा झाला. ४ ते ८ गिगाहर्ट्झ या पट्ट्यातील ते रडार विद्यार्थ्यांच्या दोन पट्ट्यांच्या वारंवारतांच्या मधोमध बसते. ढगातील थेंब आपल्याकडे येतात की दूर जातात, एवढे ते सांगत होते. तो पाऊस फवारणीमुळे पडला की एरवीही पडलाच असता, हे सांगणे त्याच्या आवाक्यात नव्हते, आणि शेतकरी विचारत होता तो नेमका हाच प्रश्न.