खैरातची शाळा आणि लिनक्सवरील बिनतारी यूएसबी ड्रायव्हर : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना : संगणकाचे उपकरण व कार्यप्रणाली यांच्यातील दुभाष्याचे कार्य ड्रायव्हर करतो. १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्सचा पाया घातला. तथापि अनेक उत्पादक बिनतारी चिपचा तांत्रिक तपशील देत नसल्याने मुक्त ड्रायव्हर दुर्मीळ राहिले. 'एनडिसरॅपर'च्या साहाय्याने विंडोजचे ड्रायव्हर लिनक्सवर चालविण्याची वेळ वापरकर्त्यांवर आली.

विवेचन : २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातील कर्जत तालुक्यात, खैरात येथील शाळेत 'वन लॅपटॉप पर चाइल्ड' उपक्रमाचा भारतातील पहिला प्रयोग सुरू झाला. त्यातील एक्सओ लॅपटॉप लिनक्सवर चालत आणि त्यांची मार्व्हेल बिनतारी चिप आतून यूएसबीनेच जोडलेली होती. तिचा 'लिबर्टास' ड्रायव्हर त्याच वर्षी लिनक्सच्या २.६.२२ आवृत्तीत समाविष्ट झाला. ड्रायव्हर मुक्त होता. चिपमध्ये भरावयाचे फर्मवेअर मात्र बंदिस्त होते.

दोषशोधनाचा क्रमही यातूनच ठरतो. 'एलएसयूएसबी' आज्ञेने उपकरण दिसते, परंतु 'डीमेसेज'च्या नोंदींत फर्मवेअर न मिळाल्याचा उल्लेख असतो. अशा वेळी ड्रायव्हर पुन्हा बसविणे व्यर्थ ठरते. २०१३ मध्ये अथेरॉसच्या यूएसबी चिपच्या फर्मवेअरचा सोर्स कोड खुला झाला, हा अपवाद उल्लेखनीय होय.

निष्कर्ष : मुक्त प्रणाली स्वीकारलेल्या ग्रामीण शाळेतही जोडणीची अखेरची किल्ली उत्पादकाच्याच हाती राहिली. म्हणून अडॅप्टर खरेदी करताना महाविद्यालयांनी ड्रायव्हरइतकीच फर्मवेअरचीही चौकशी करणे अगत्याचे आहे.