आकृति-अभिज्ञान आणि वारली चित्रे

आकृति-अभिज्ञान आणि वारली चित्रे : चित्रातील वा छायाचित्रातील आकार ओळखून त्यांचे नाव, स्थान व सीमारेषा सांगण्याच्या संगणकीय क्रियेस आकृति-अभिज्ञान म्हणतात. पालघर जिल्ह्यातील (१ ऑगस्ट २०१४ पूर्वीच्या ठाणे जिल्ह्यातील) डहाणू व तलासरी या तालुक्यांतील वारली चित्रे या शास्त्राच्या दृष्टीने लक्षणीय ठरतात. कारण छायाप्रकाश, पोत, खोली व रंगवैविध्य या ज्या आधारांवर आजची यंत्रे वस्तू ओळखतात, त्यांपैकी जवळजवळ एकही या चित्रांत नसतो. त्यांत आकार तेवढा असतो. साहजिकच केवळ आकारावरून यंत्रास कितपत ओळखता येते, याची ती एक कठोर कसोटी होत.

शेणमातीने सारवून गेरूने रंगविलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रंगाने, बांबूची काडी टोकाशी चावून केलेल्या कुंचल्याने ही चित्रे काढली जात. वर्तुळ, त्रिकोण व चौकोन हे त्यांतील मूलाकार. दोन त्रिकोण टोकाशी टोक जोडून ठेवले, की मनुष्याचे धड होते; वरील त्रिकोण छातीचा, खालील कटीचा. त्यावर लहान वर्तुळाचे मस्तक व चार रेषांचे हातपाय आले, की आकृती पुरी होते. स्त्रीच्या मस्तकास अंबाड्याचे आणखी एक लहान वर्तुळ जोडतात. हाच त्रिकोण अन्यत्र डोंगर वा झोपडीचे छप्पर असतो. हेच वर्तुळ सूर्य, चंद्र किंवा मडके. म्हणजे मूलाकाराला स्वतःचा अर्थ नाही. तो शेजारच्या आकारांशी असलेल्या संबंधातून येतो. वारली चित्रांवरील लेखनात मूलाकारांचे कौतुक पुष्कळ आढळते, या संबंधांचे मात्र फारसे नाही.

विवाहप्रसंगी काढावयाचा लग्नचौक हा या परंपरेचा गाभा होय. तो सवाशिणी काढतात व विवाहविधी चालविणारी धवलेरी त्या वेळी गीते गाते. चौकटीच्या मध्यभागी पालघाट ही सर्जनाची देवता असते. विधीपुरते काढलेले हे चित्र पुढे भिंतीच्या सारवणात नाहीसे होई. १९७० नंतरच्या दशकात पुपुल जयकर यांच्या प्रेरणेने भास्कर कुलकर्णी या चित्रकाराने डहाणू भागातील चित्रे कागदावर उतरवून घेण्यास प्रारंभ केला. तलासरी तालुक्यात जन्मलेले व डहाणू तालुक्यातील गंजाडनजीक कळंबीपाड्यावर वाढलेले जिव्या सोमा म्हसे (१९३४–२०१८) यांची ख्याती याच काळात पसरली. त्यांना १९७६ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार व २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. २००३ मध्ये जर्मनीतील ड्युसेलडॉर्फ येथे रिचर्ड लाँग या इंग्रज कलावंतासमवेत त्यांचे प्रदर्शन झाले. विधीसाठी स्त्रियांनी भिंतीवर काढावयाच्या चित्राबरोबरच, विक्रीसाठी प्रामुख्याने पुरुषांनी कागदावर व कापडावर काढलेले चित्र अशी दुसरी शाखा यातून निर्माण झाली. या फरकाचे परिणाम यंत्राच्या प्रशिक्षणात पुन्हा भेटतात.

यंत्राने आकार ओळखावा, ही गरज अणुकेंद्रीय भौतिकीत तीव्रतेने जाणवली. बुद्बुदकोठीतून जाणाऱ्या कणांच्या मार्गांची छायाचित्रे हजारोंनी जमत व ती डोळ्यांनी तपासणे अशक्यप्राय होई. पॉल हफ यांनी त्यांतील सरळ रेषा शोधण्याची रीत बसविली व तिचे एकस्व १९६२ मध्ये मिळविले. प्रतिमेतील प्रत्येक ठळक बिंदू आपल्यातून जाऊ शकणाऱ्या सर्व रेषांना जणू मत देतो व सर्वाधिक मते मिळालेली रेषा खरी मानली जाते. १९७२ मध्ये डूडा व हार्ट यांनी ही रीत सुधारून वर्तुळादी वक्रांपर्यंत वाढविली.

याच छायाचित्रांवर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील रंगस्वामी नरसिंहन् (१९२६–२००७) यांनी वेगळ्या दिशेने विचार केला. या संस्थेत १९६० मध्ये कार्यान्वित झालेल्या टिफ्रॅक या भारतीय बनावटीच्या संगणकाच्या उभारणीचे ते प्रमुख होते. १९६१ ते १९६४ या काळात अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात काम करताना त्यांनी असे प्रतिपादन केले, की चित्रास केवळ नाव देणे पुरेसे नाही, त्याचे वर्णन करता आले पाहिजे. आणि वाक्याप्रमाणे चित्रालाही व्याकरण असते. बिंदूंपासून रेषा, रेषांपासून संधिस्थाने व त्यांपासून पूर्ण आकृती अशी नियमबद्ध रचना त्यांनी मांडली. हा विचार डहाणूपासून शंभर-सव्वाशे किमी. अंतरावरील संस्थेतील शास्त्रज्ञाने मांडला, हा योगायोगच. तथापि वारली चित्रास तो विलक्षण लागू पडतो. ‘टोकाशी जुळलेले दोन त्रिकोण, वर वर्तुळ, चार रेषा’ हे त्यातील मनुष्याचे व्याकरणच होय.

असे नियम प्रत्यक्षात लावू गेल्यास मात्र अडचणी उभ्या राहतात. हाताने काढलेला त्रिकोण पुरता मिटत नाही. कधी तो पांढऱ्याने भरलेला, तर कधी बारीक रेषांनी विणलेला असतो. सर्वांत मोठी अडचण तारपा-नृत्याच्या चित्रात येते. दुध्या भोपळा, बांबू व ताडाची पाने यांपासून केलेला तारपा वाजविणाऱ्याभोवती नर्तक एकमेकांस धरून सर्पिलाकार फेर धरतात. चित्रात त्यांचे हात जोडलेले असल्याने, सलग पांढरा भाग म्हणजे एक वस्तू असे मानणाऱ्या यंत्राला सगळा फेर मिळून एकच वस्तू दिसते. मार्व्हिन मिन्स्की व सेमूर पॅपर्ट यांनी १९६९ मध्ये ‘पर्सेप्ट्रॉन्स’ या ग्रंथात नेमक्या अशाच प्रश्नाचा विचार केला. फ्रँक रोझेनब्लॅट यांनी १९५७–५८ मध्ये पुढे आणलेले पर्सेप्ट्रॉन हे यंत्र उदाहरणांवरून शिके. पण आकृतीचे लहान लहान भागच पाहणाऱ्या अशा साध्या यंत्रास आकृती एकसंध आहे की तुटक, हे ठरविता येत नाही, असे त्यांनी गणिताने दाखविले. ग्रंथाच्या मुखपृष्ठावर दिसावयास सारख्या दोन सर्पिल आकृती होत्या. त्यांपैकी एकच एकसंध होती.

त्यानंतर काही काळ मागे पडलेला हा मार्ग अनेक थरांच्या जालांमुळे पुन्हा खुला झाला. कुनिहिको फुकुशिमा यांचे निओकॉग्निट्रॉन (१९८०), चुकीवरून जालातील भार दुरुस्त करण्याच्या रीतीचा प्रसार (१९८६) आणि यान लकून यांनी हस्तलिखित टपाल-अंक ओळखणारे जाल (१९८९) हे त्यातील टप्पे होत. २०१२ मध्ये सु. १२ लक्ष छायाचित्रांवर शिकविलेल्या जालाने इमेजनेट स्पर्धा मोठ्या फरकाने जिंकली व नियम लिहिण्याची पद्धत बहुतांशी मागे पडली.

छायाचित्रांवर शिकलेली ही जाले आकार ओळखतात असा समज होता. जर्मनीतील ट्यूबिंगेन विद्यापीठातील संशोधकांनी २०१८ मध्ये मांजराच्या आकारावर हत्तीच्या कातडीचा पोत चढविलेले चित्र अशा जालास दाखविले, तेव्हा त्याने उत्तर दिले ‘हत्ती’. माणसे मात्र मांजरच ओळखत. यंत्राचा भर आकारापेक्षा पोतावर होता. पोतच नसलेल्या वारली चित्रापुढे असे तयार प्रतिमान अडखळावे, यात नवल नाही.

म्हणून त्यास या चित्रांपुरते खास शिकवावे लागते. चित्रांच्या प्रतिमा जमवून त्यांतील प्रत्येक आकृतीभोवती माणसाने सीमारेषा आखावयाची व नाव लिहावयाचे. मग छायाचित्रांवर शिकलेले जाल घेऊन त्यातील भार या उदाहरणांनुसार पुन्हा बदलावयाचे, अशी ही रीत आहे. नवे चित्र दाखविल्यावर प्रतिमान प्रत्येक आकृतीची सीमा, नाव व आपल्या खात्रीचा ० ते १ मधील अंक देते. उदाहरणे फार लागतातच असे नाही : जैव प्रतिमांसाठी २०१५ मध्ये फ्रायबुर्ग येथे तयार झालेले यू-नेट हे जाल एका कामासाठी अवघ्या ३० प्रतिमांवर शिकविण्यात आले होते. एकच प्रतिमा फिरवून अनेक उदाहरणे करण्याची युक्ती येथे विशेष उपयोगी पडते, कारण फेरातील नर्तक सर्व दिशांना कललेले असतात. मात्र एकाच चित्रकाराची चित्रे शिकविण्यास व परीक्षेसही वापरली, तर यश फसवे ठरते. यंत्र वारली आकृती न शिकता त्या एका हाताचे वळण शिकते.

खरा प्रश्न नावांचा आहे. भारतीय लोकचित्रशैली एकमेकींपासून वेगळ्या ओळखणारी प्रतिमाने अभ्यासकांनी तयार केली आहेत. ‘हे वारली, हे मधुबनी’ एवढे सांगणे त्यांस जमते. परंतु चौकाच्या मध्यातील आकृतीवर ‘स्त्री’ लिहावे की ‘पालघाट’, हे धवलेरीस विचारल्यावाचून शहरातील नावे लिहिणाऱ्यास कळणे कठीण. आणि त्याने जे लिहिले, तेच यंत्राचे सत्य होते. शिवाय प्रतिमा मिळतात त्या मुख्यत्वे कागदावरील, संग्रहांतील व बाजारातील. ज्या सवाशिणींनी ही परंपरा सांभाळली, त्यांचे भिंतीवरचे चौक सारवणाखाली गेले. त्यामुळे अशा सामग्रीवर शिकलेल्या यंत्राला बाजारातील तारपा-नृत्य हाच वारली चित्राचा नमुना वाटतो व चौक अपवाद.

वारली चित्रकलेस २०१४ मध्ये भौगोलिक निर्देशकाची नोंदणी मिळाली. हे संरक्षण नावाला व उत्पत्तिस्थानाला असते. त्रिकोण-वर्तुळांच्या आकारांना नसते. दूरच्या कारखान्यात छापलेल्या चादरीवरील नर्तक व कळंबीपाड्यावर काढलेला नर्तक यांच्या सीमारेषा यंत्राला सारख्याच खात्रीने आखता येतात. ते चित्र कोणी व कोठे काढले, हे ठरविण्यासाठी चित्रकाराची स्वाक्षरी, खरेदीची नोंद व पाड्यावरील साक्ष यांकडेच वळावे लागते.