आठ चौकटींत न मावलेले मरोळ

मरोळला राहणारा माझा भाचा सध्या मोबाईलसाठी एक खेळ बनवतो आहे. सीप्झच्या दारातून सुटलेली रिक्षा गर्दीतून वाट काढत मरोळ नाक्याला पोहोचते, एवढीच त्यातली गोष्ट. अक्षरे त्याला जुन्या व्हिडिओ गेमसारखी, चौकोनी ठिपक्यांची हवी होती. इंग्रजीत तसे फॉण्ट ढिगाने मिळाले. ‘मरोळ नाका’ टाईप केले की मात्र पडद्यावर रिकामे डबे. “मामू, आपली अक्षरं कुणी बनवलीच नाहीत का?”

बनवली; पण त्यांची वाट निराळी होती. 1976 मध्ये अटारीच्या ‘क्विझ शो’ या खेळयंत्रात आलेली अक्षरे पुढे नाम्कोने उचलली आणि ‘पॅक-मॅन’बरोबर ती जगभर गेली. प्रत्येक अक्षराला आठ बाय आठ ठिपक्यांचा चौकोन. मेमरी महाग होती आणि इंग्रजी कॅपिटल अक्षर सात ओळींत ऐसपैस बसते.

देवनागरी मात्र तीन मजली. ‘रो’ची मात्रा शिरोरेषेच्या वर जाते, ‘ळ’ला दोन पोटे लागतात आणि दोन्ही आतून पोकळ. शिरोरेषेतली एका ठिपक्याची फट बुजली की ‘भाई’ची ‘माई’ होते! आमची नावे तर जोडाक्षरांनी भरलेली: मुख्तार, इब्राहीम, मुस्तफा. ‘अब्दुल’मधल्या ‘ब्दु’त अर्धा ब, पूर्ण द आणि खाली उकार. वडिलांना एकदा एका कचेरीतून ‘अबदुल’ अशी छापील पावती मिळाली. त्यांनी ती परत केली, शाईने दुरुस्त करून घेतली, मगच घरी आणली. लोक हसले. मला ते आजही योग्यच वाटते.

यावर खरे काम 1980च्या दशकात आयआयटी कानपूरला झाले आणि 1988 मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढले. संगणकात बसवायचे ते जिस्ट कार्ड. साठवताना ब, हलन्त, द, उकार असे सुटे संकेत ठेवायचे. त्यांचा ‘ब्दु’ रचून पडद्यावर दाखवायचे काम कार्डाचे. हे संकेत ‘इस्की’ या नावाने 1991 मध्ये भारतीय मानक झाले. त्यात नुक्त्यालाही स्वतःचा संकेत आहे. उर्दूच्या लिपीला मात्र त्यात जागा नव्हती. तिच्यासाठी वेगळा आराखडा करावा लागला. घरात दोन्ही लिपी वाचणाऱ्यांना ही फाळणी जाणवल्याशिवाय राहत नाही.

मरोळच्या शेजारी, पवईच्या आयआयटीत सुलेखनकार र. कृ. जोशी शिकवत. त्यांनी रेखलेला ‘मंगल’ विंडोज 2000 सोबत आला आणि नुसत्या पडद्यावर मराठी वाचण्याची सवय अनेकांना त्यानेच लावली.

भाच्याला हे सांगितले आणि आम्ही आलेखाची वही घेऊन बसलो. आठ ओळींचा हट्ट पहिल्याच रात्री सोडला, सोळा घेतल्या. ‘ळ’च्या दोन्ही पोटांत एकेक घर कोरे ठेवले, तेव्हा कुठे मरोळ वाचता येऊ लागले. खेळाच्या दुसऱ्या टप्प्यात ‘मरोळ-मरोशी मार्ग’ आहे. त्यातला ‘र्ग’ अजून जमायचा आहे.