कुलाबा शोधा, रायगड नको



अभ्यासवर्गातला एक मुलगा परवा वैतागून म्हणाला, "सर, रात्रभर ऑनलाइन सूची चाळली. दलित, रायगड, सगळं टाकून पाहिलं. आपलं काहीच नाही तिथे." हे वाक्य धोक्याचं आहे. 'इतिहास असेल तर पुरावा दाखवा' म्हणणाऱ्यांच्या हातात ते आयतंच पडतं.

मुळात चूक शोधण्यात होती. १९२७ साली महाड कुलाबा जिल्ह्यात होतं. जिल्ह्याला रायगड हे नाव मिळालं १९८१ मध्ये. आणि इंग्रज सरकारच्या कारकुनाने फायलीवर 'दलित' कशाला लिहावं? त्याचा शब्द 'डिप्रेस्ड क्लासेस', १९३५ च्या कायद्यानंतर 'शेड्यूल्ड कास्ट्स'. मुंबई लष्कराच्या जुन्या कागदांत महार शिपाई 'परवारी' म्हणून येतो. हे शब्द आपण निवडलेले नाहीत. काही वाचताना राग येतो, यायलाच हवा. पण शोधायच्या चौकटीत तेच टाकावे लागतात.

महार वतनाचं घ्या. हे कागद जातीच्या नावाखाली शोधाल तर फसाल. ते महसूल खात्यात पाहायचे. ज्या १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करायला बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात विधेयक आणलं, त्या व्यवस्थेत महार म्हणजे 'इन्फीरियर व्हिलेज सर्व्हंट', कनिष्ठ गावकामगार. सरकारला आपला माणूस दिसत नव्हता, त्याचं राबणं दिसत होतं. एम.ए.ला वर्गीकरण आणि सत्ता यांवर पानंच्या पानं लिहिली होती मी. उमगलं ते सूची चाळताना.

आणखी एक. पत्र लिहिणाऱ्याच्या नव्हे, ज्याला ते गेलं त्याच्या दप्तरात सापडतं. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉईस यांना पत्र लिहून, तिथल्या निग्रोंनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या निवेदनाच्या प्रती मागितल्या. ते पत्र आज मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाकडच्या ड्यू बॉईस संग्रहात आहे, घरबसल्या वाचता येतं. ३१ जुलैचं उत्तरही आहे. शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये महारांच्या लष्करभरतीसाठी अर्ज केला तो भारतमंत्री लॉर्ड क्रू यांच्याकडे. म्हणजे माग लंडनच्या इंडिया ऑफिसच्या कागदांत काढायचा. ते ब्रिटिश लायब्ररीत आहेत.

सापडलेला संदर्भ क्रमांक मात्र वहीत लिहून ठेवा. ऑक्टोबर २०२३ मध्ये सायबर हल्ला झाला आणि त्याच लायब्ररीची ऑनलाइन सूची काही महिने बंद पडली.

शिवाय सूचीत दिसतं ते फायलीचं शीर्षक. आतली पानं नाहीत. 'तळी व विहिरी' एवढंच लिहिलेली फाइलही उघडून पाहावी लागते. सगळंच ऑनलाइन आलेलं नाही. मुंबईचं पुराभिलेखागार काळा घोड्याला, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत आहे. 'कुलाबा' टाकून त्या मुलाने आता पाच क्रमांक काढलेत. पुढच्या आठवड्यात आम्ही दोघं तिथे जातोय. कुणाला यायचं असेल तर कळवा.