अंड्याच्या आकाराचें कोडें

कऱ्हाडला लागून असलेल्या मलकापुराच्या शिवारांत उन्हाळा लागला, कीं टिटवीचा कल्लोळ ऐकूं येतो. घरटें म्हणावें असें तिचें कांहींच नसतें. ढेकळांमधील उथळ खळगा आणि भोंवतीं चार खडे, एवढाच तिचा संसार. त्यांत बहुधा चार अंडीं असतात. एका टोंकाला निमुळतीं, दुसऱ्या टोंकाला फुगीर, आणि निमुळतीं टोंकें आंत वळविलेलीं. खंड्या नदीकांठच्या दरडींत बीळ कोरतो. त्याचीं अंडीं मात्र पांढरीं आणि जवळजवळ गोल. एकाच शिवारांतील दोन पक्ष्यांत हा भेद कां, हें कोडें फार जुनें आहे.

अंड्याच्या आकारावरून पिलूं नर कीं मादी हें ओळखतां येतें, असें ग्रीक पंडित ॲरिस्टॉटल यानें लिहून ठेवलें. पुढें हें खोटें ठरलें. परंतु अंड्याच्या आकाराला कांहीं कारण असलें पाहिजे, ही जिज्ञासा टिकून राहिली.

या जिज्ञासेला सामग्री हवी होती. दख्खनच्या पक्ष्यांची पहिली शास्त्रीय यादी कर्नल साइक्स यांनीं १८३२ सालीं लंडनांत प्रसिद्ध केली. त्यानंतर ॲलन ह्यूम यांनीं देशभरच्या अधिकाऱ्यांकडून घरट्यांच्या व अंड्यांच्या नोंदी मागविल्या आणि १८७३ पासून त्या ग्रंथरूपानें छापण्यास आरंभ केला. राष्ट्रसभेच्या स्थापनेशीं ज्यांचें नांव निगडित आहे, तेच हे ह्यूम. त्यांच्या अनेक वर्षांच्या हस्तलिखित टिपणांची सिमल्यांत चोरी झाली आणि तीं रद्दीच्या भावानें विकलीं गेलीं. या आघातानें खचून त्यांनीं १८८५ सालीं आपला प्रचंड संग्रह ब्रिटिश म्यूझियमला देऊन टाकला. कागद गेले, पण अंडीं राहिलीं. त्या काळच्या संग्राहकांचा हव्यास आज निर्दय वाटतो. तथापि अशाच संग्रहालयांच्या कपाटांतून पुढील शास्त्र उभें राहिलें.

१९०८ सालीं डार्सी टॉमसन या स्कॉटिश प्राणिशास्त्रज्ञानें एक नवी दृष्टि दिली. कवच चढण्यापूर्वीं मऊ असलेलें अंडें अंडवाहिनींतून सरकत असतां त्यावर जो दाब पडतो, त्यानेंच त्याला आकार येतो, असें त्यानें मांडलें. दुसरीकडे, समुद्रकांठच्या कड्यांवर घरट्यावांचून अंडें घालणाऱ्या गिलेमॉट पक्ष्याचा दाखला देऊन, टोंकदार अंडें गडगडत खालीं जात नाहीं, असें कित्येकजण सांगत. टिटवीच्या कुळाविषयीं, निमुळतीं अंडीं एकमेकांशीं नीट जुळून मादीच्या पोटाखालीं मावतात, असा तर्क करण्यांत आला.

२०१७ सालीं मेरी स्टॉडर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं संग्रहालयांतील सुमारें १,४०० जातींच्या जवळजवळ ५०,००० अंड्यांच्या छायाचित्रांवरून त्यांचे आकार मोजले. घरट्याची जागा किंवा अंड्यांची संख्या यांपेक्षां पक्ष्याच्या उडण्याच्या सामर्थ्याशीं आकाराचा संबंध अधिक दिसून आला. जे पक्षी उड्डाणांत अधिक तरबेज, त्यांचीं अंडीं सामान्यतः अधिक लांबट किंवा अधिक निमुळतीं. उड्डाणासाठीं शरीर सडपातळ झालें, तेव्हां अंड्याला रुंद होण्यास जागा उरली नसावी, असा त्यांचा कयास. आकार ठरतो तो कवचानें नव्हे, तर त्याखालील पातळ पापुद्र्यानें, हेंही त्यांनीं गणितानें दाखविलें.

एवढ्यानें वाद संपला नाहीं. टिम बर्कहेड यांनीं २०१८ मध्यें गिलेमॉटचें टोंकदार अंडें उतरत्या खडकावर अधिक स्थिर राहतें, असें प्रयोगानें दाखविलें. तात्पर्य, सर्व पक्ष्यांस लागू पडणारा सर्वसाधारण नियम एक, आणि एकेका जातीची गरज दुसरी.

१९७२ च्या वन्यजीव कायद्यानें आपल्या देशांत रानपक्ष्यांचीं अंडीं उचलण्यास बंदी आहे, आणि शास्त्राचें आतां छायाचित्रांवरही भागतें. मलकापुरच्या शेतांत टिटवी डोक्यावर घिरट्या घालून ओरडूं लागली, तर पायांखालीं जपून पाहावें आणि बाजूनें निघून जावें. त्या खळग्यांत तिचा सगळा संसार आहे.