उपाहारगृहाचे दार आणि लहान मूल



इतिहासावरील व्याख्यानाला येणाऱ्या श्रोत्यांना राज्ये, लढाया आणि तह यांची अपेक्षा असते. त्या मानाने आजचा विषय अगदी घरगुती वाटेल. उपाहारगृहांनी लहान मुलांना आत घ्यावे की दाराबाहेर ठेवावे, हा तो विषय होय. अलीकडे काही देशांतील उपाहारगृहांच्या दारांवर 'लहान मुलांना प्रवेश नाही' अशा पाट्या लागल्या आहेत. त्यांवर वाद पेटला की एक पक्ष म्हणतो, आजकालच्या मुलांना वळणच राहिलेले नाही. दुसरा म्हणतो, आजकालच्या माणसांची माया आटली आहे. दोघेही 'आजकाल' ह्या शब्दावर भिस्त ठेवतात, आणि इतिहासाच्या अभ्यासकाला नेमके तेथेच थांबावे लागते. मुले पूर्वीही रडत होती, सांडलवंड करीत होती. मग हे दार केव्हा उघडले, केव्हा मिटले आणि कोणाच्या सोयीसाठी, हे पाहिल्यावाचून वादाचा निवाडा करणे घाईचे होईल.

प्रथम ध्यानात घ्यावयाचे ते हे, की उपाहारगृह ही संस्था फारशी जुनी नाही. सराया, अन्नछत्रे आणि खाणावळी पुरातन आहेत. परंतु स्वतंत्र मेजावर बसावे, यादी पाहून हवा तो पदार्थ मागवावा आणि ठरलेला दर द्यावा, ही रीत पॅरिस शहरात १७६० नंतरच्या काही दशकांत रूढ झाली. 'रेस्तराँ' हा शब्दही मुळात अशक्त माणसाला ताकद भरून आणणाऱ्या मांसरसाचे नाव होता. नाजूक प्रकृतीच्या गिऱ्हाइकाने यावे, निवांत बसावे आणि तो रस घ्यावा, अशी मूळची कल्पना. तीत मुलाचा विचारच नव्हता. मुलाला मनाई करणारी पाटी लावावी लागत नव्हती, कारण ते येईल असे कोणाच्या मनात आलेले नव्हते.

आमच्याकडची स्थितीही ह्याहून फार निराळी नव्हती. मुंबईच्या गिरणगावातील खाणावळीत जेवणारा कामगार बहुधा आपले कुटुंब कोकणात किंवा घाटावर ठेवून आलेला असे. तेथे पंगतीला मूल यावयाचे कोठून? आमच्या दारावर जो प्रश्न उभा होता तो वयाचा नव्हता, जातीचा होता. १८९० साली पुण्याच्या पंच हौद मिशनमध्ये चहा घेतल्यावरून केवढे वादळ उठले, हे आपणांस ठाऊकच आहे. न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक ह्यांच्यावरही त्या पेल्याने ग्रामण्याचा प्रसंग आणला. पुढे कोल्हापुरात शाहू महाराजांनी गंगाराम कांबळे ह्यांना चहाचे दुकान काढण्यास पाठबळ दिले आणि अस्पृश्य मानलेल्या त्या माणसाच्या हातचा चहा स्वतः तेथे जाऊन घेतला. हॉटेलाचे दार कोणाला मोकळे असावे, हा क्षुल्लक प्रश्न नव्हे, हे महाराष्ट्राला कोणी शिकवावयास नको. १९५० साली अमलात आलेल्या राज्यघटनेने पंधराव्या कलमात दुकाने आणि उपाहारगृहे ह्यांचा नाव घेऊन उल्लेख केला, आणि धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान एवढ्याच कारणावरून कोणाला तेथे मज्जाव करता येणार नाही असे ठरविले. त्या यादीत वय नाही. म्हणजे मुलाचा प्रश्न घटनाकारांनी त्या वाक्यात सोडविलेला नाही; तो आपणांसच विचाराने सोडवावयाचा आहे.

आता मुलांसंबंधीच्या इतिहासाकडे वळू. कायद्याने मुलाला दाराबाहेर ठेवल्याचे एक ठळक उदाहरण इंग्लंडचे आहे. तेथील मद्यगृह म्हणजे केवळ पिण्याची जागा नव्हती. कष्टकरी वस्तीत तेच ऊब देणारे आणि चार माणसे भेटण्याचे ठिकाण होते. बापासाठी घरी बिअर आणावयाला पोराला भांडे देऊन पाठविण्याची तेथे सर्रास चाल होती. १९०१ च्या कायद्याने चौदा वर्षांखालील मुलाच्या हाती मोहोरबंद भांड्याखेरीज मद्य देण्यास बंदी केली. १९०८ च्या बालविषयक कायद्याने ह्याच वयाखालील मुलांना मद्यविक्रीच्या दालनात येण्यासच मनाई केली. हेतू निर्मळ होता. मुलाला दारूच्या वाऱ्यालाही उभे करू नये, एवढाच. परंतु परिणाम पाहा. मूल सांभाळण्याचे काम आईकडे. बाप पूर्वीसारखाच आत जाऊन बसला. आईने एक तर घरी राहावे, नाही तर मुलाला पायरीवर बसवून आत जावे, किंवा त्याच्यासह स्वतःही दाराबाहेर थांबावे. बंदी मुलावर होती, पण तिचा भार आईवर पडला. ही गोष्ट आपण लक्षात ठेवू. पुढे ती पुन्हा भेटणार आहे.

दुसरे उदाहरण अमेरिकेचे, आणि ते नेमके उलट्या दिशेचे आहे. एकोणिसाव्या शतकात तेथील काही मोठ्या हॉटेलांत मुलांना मोठ्यांबरोबर बसवीत नसत. त्यांच्यासाठी निराळी खोली आणि निराळी वेळ असे, आणि दाया त्यांना तेथे जेवू घालीत. मग जानेवारी १९२० मध्ये देशभर दारूबंदी लागू झाली. हॉटेलांचा मोठा नफा मद्यावर होता. तो गेल्याबरोबर चालकांना नवे गिऱ्हाईक शोधणे भाग पडले. तेव्हा त्यांची नजर मुलांवर गेली. न्यूयॉर्कच्या सुप्रसिद्ध वॉल्डॉर्फ-अस्टोरिया हॉटेलाने १९२१ मध्ये मुलांसाठी खास पदार्थांची यादी छापली. त्या काळी ल्यूथर एमेट होल्ट ह्या डॉक्टरांचे १८९४ साली निघालेले बालसंगोपनावरचे पुस्तक घरोघरी प्रमाण मानले जाई. मुलांचा आहार साधा आणि सपक असावा, असा त्यांचा कटाक्ष होता. त्यामुळे यादीतही उकडलेला भात, त्यावर कोंबडीच्या मांसाचे तुकडे, लोण्यातल्या भाज्या असे सौम्य पदार्थ आले. १९३३ साली दारूबंदी उठली, मद्य परत आले. पण मुलांची यादी गेली नाही. एकदा आत आलेल्या मुलाला पुन्हा बाहेर घालविणे कोणाला परवडले नाही.

ह्याच सुमारास जपानातही असेच घडले. तोक्योच्या निहोन्बाशी भागातील मित्सुकोशी ह्या प्रचंड दुकानाच्या भोजनगृहाने डिसेंबर १९३० मध्ये मुलांसाठी एक ताट तयार केले. किंमत तीस सेन. ताटात अनेक पदार्थ थोडे थोडे मांडलेले, आणि भाताच्या डोंगरावर एक चिमुकले निशाण रोवलेले. तो काळ जागतिक मंदीचा होता. आई खरेदीला येते ती मुलाला घेऊन येते, आणि मूल रमले तर आईही रमते, हे त्या व्यापाऱ्यांनी ओळखले. पुढच्याच वर्षी दुसऱ्या एका मोठ्या दुकानाने ते उचलले आणि ते ताट सबंध जपानात पसरले.

ह्या दोन्ही कथांतून एक रोखठोक सत्य निघते. मुलासाठी दार उघडले ते वात्सल्याने नव्हे. हिशेबाच्या वहीने उघडले. ह्याचे वाईट वाटून घेण्याचे कारण नाही. पुष्कळ चांगल्या चालीरीती व्यापाराच्या मागून आल्या आहेत. परंतु जे दार वहीने उघडले ते वहीनेच मिटूही शकते. दक्षिण कोरियात तसेच झाले.

त्या देशात २०१० नंतर मुलांना मज्जाव करणारी कॉफीगृहे आणि उपाहारगृहे वाढू लागली. त्यामागे निव्वळ तुसडेपणा होता असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. बुसान शहरात उकळते पाणी घेऊन जाणाऱ्या नोकराशी एक दहा वर्षांचे मूल धडकले आणि भाजले. २०१३ साली न्यायालयाने मालकाला भरपाई द्यावयास लावली. अशा निकालांनी दुकानदार धास्तावले. मुलांना मज्जाव करणाऱ्या दोनशेहून अधिक दुकानांची सरकारने २०२३ मध्ये पाहणी केली. तेव्हा सुमारे दोन तृतीयांश मालकांनी अपघाताच्या भरपाईचा बोजा हेच कारण सांगितले. गोंगाटाचे कारण त्याखालोखाल होते. म्हणजे येथेही दार मिटले ते वहीतल्या आकड्याने.

त्या देशाच्या राष्ट्रीय मानवाधिकार आयोगापुढे जेजू बेटावरील एका उपाहारगृहाचे प्रकरण आले. नऊ वर्षांच्या मुलासह आलेल्या कुटुंबाला तेथे परत पाठविले होते. नोव्हेंबर २०१७ मध्ये आयोगाने हा भेदभाव असल्याचे ठरविले. सर्वच मुले त्रास देतात असे नाही, आणि त्रास देणारी सर्व माणसे मुलेच असतात असेही नाही, हा त्याच्या विवेचनाचा गाभा होता. आयोगाचे मत मालकांवर बंधनकारक नव्हते, त्यामुळे पाट्या राहिल्या. २०२३ साली तेथील एका महिला खासदारांनी आपल्या लहान मुलाला घेऊन संसद भवनात ह्या पाट्यांविरुद्ध आवाज उठविला. त्याच वर्षी त्या देशातील जननाचे प्रमाण दर स्त्रीमागे ०.७२ पर्यंत उतरले. लोकसंख्या स्थिर राहावयाची तर ते २.१ च्या आसपास लागते. पाट्यांमुळे जन्म घटले असे मी म्हणणार नाही. त्याची कारणे पुष्कळ खोल आहेत. पण ज्या समाजात पाळणे रिकामे पडत आहेत, त्याच समाजात पाळण्याला दार बंद व्हावे, ह्यातला विरोध तेथील लोकांनाही बोचू लागला आहे.

आता प्रतिपक्षाचे म्हणणे नीट ऐकले पाहिजे. दुकान मालकाचे आहे. दिवसभर राबून आलेल्या गिऱ्हाइकाला घटकाभर शांतता हवी असते. कढत चहाचा ट्रे घेऊन फिरणाऱ्या पोऱ्याच्या पायांत पोर घुटमळले तर भाजते ते दोघांनाही. हे सगळे खरे आहे. शिवाय जातीच्या बंदीशी ह्या बंदीची तुलना करणे योग्य नाही, असेही कोणी म्हणेल, आणि मला ते मान्य आहे. मूल मोठे होते आणि एक दिवस त्याच दाराने आत जाते. जातीने बाहेर ठेवलेल्या माणसाचा तो दिवस कधीच येत नसे. दोहोंतील अन्यायाचे वजन एक नाही.

तरीही एक धागा समान आहे. माणसाने काय केले हे न पाहता तो कोण आहे एवढ्यावर निकाल देणे, हा तो धागा. आणि दुसरी गोष्ट इंग्लंडच्या त्या पायरीवर आपण पाहिलीच आहे. तीन वर्षांचे मूल एकटे हॉटेलात येत नाही. त्याला आणणारे कोणी तरी असते, आणि ते कोणी तरी बहुधा आई असते. आमच्या इराणी हॉटेलांतील 'फॅमिली रूम' आठवून पाहा. पडद्याआडच्या त्या खोलीत एकट्या पुरुषाला बसता येत नसे. बाई आणि मूल मात्र निःसंकोच बसत. हॉटेलाचे दार आमच्या पुष्कळ स्त्रियांना उघडले ते मुलाबाळांसह उघडले. मुलापुरते ते मिटवू म्हटले तर आईपुरतेही मिटते, मग पाटीवर तिचा उल्लेख असो वा नसो. बापाने मुलाला घरी सांभाळावे आणि आईने मैत्रिणींबरोबर चहाला जावे, अशी आमची घरे झाली असती, तर गोष्ट निराळी. अजून ती तशी सर्रास झालेली नाहीत.

म्हणून मला असे वाटते की नियम वागणुकीचा असावा, वयाचा नसावा. 'मेजांमध्ये धावू नये, मुलाला आपल्याजवळ बसवावे' ही पाटी मालकाने जरूर लावावी, आणि न ऐकणाऱ्या कुटुंबाला नम्रपणे बाहेरचा रस्ता दाखविण्याचा अधिकारही त्याला असावा. अर्थात तोच अधिकार शेजारच्या मेजावर मोठमोठ्याने फोनवर बोलणाऱ्या गृहस्थालाही लागू पडावा. जेथे मुख्यतः मद्य विकले जाते तेथे मुलाला मनाई असणे रास्त आहे. ती त्याच्या हिताची आहे. अपघाताची जबाबदारी हे मालकाचे खरे दुखणे असेल तर त्यावरचे औषध विम्यात आणि कायद्याच्या न्याय्य वाटणीत शोधावे. किती दोष मालकाचा आणि किती पालकाचा हे स्पष्ट असावे. आणि पालकांनीही आपले मूल म्हणजे सबंध हॉटेलाचे कौतुक आहे असे समजू नये. रडू लागलेल्या मुलाला कडेवर घेऊन घटकाभर बाहेर जाणे, सांडलेले पुसून घेणे, ही त्यांच्या वाट्याची किंमत आहे.

चारचौघांत कसे बसावे हे मूल पुस्तकातून शिकत नाही. चारचौघांत बसूनच शिकते. पूर्वी लग्नाच्या पंगतीने ते शिकविले. मोठ्यांच्या ओळीत पोरांची पाने मांडली जात, आणि 'वदनि कवळ' होईपर्यंत कोणी हात लावू नये हे त्यांना न सांगता कळे. पंगती कमी झाल्या, घरे लहान झाली, माणसे बाहेर जेवू लागली. पंगतीचे ते काम आता उपाहारगृहाकडे आले आहे, मालकांना ते हवे असो वा नसो. ज्यांना ही शिकवणी नको, त्यांना तेवढी शांतता आज मिळेल. पण वीस वर्षांनी शेजारच्या मेजावर तेच मूल मोठे होऊन बसलेले असेल, आणि कसे बसावे हे त्याला कोणी शिकविलेले नसेल.